किराचा निरोप

दोन गाण्यांच्या मधला गद्य तुकडा म्हणजे केवळ विसावा, असे बहुतेक श्रोते समजतात. रशियन रॅपर ऑक्सिमिरॉनच्या ‘गोरगोरोद’पुरते तरी हे मला मान्य नाही. हा गीतसंग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये आला. ‘गोरा’ म्हणजे डोंगर, ‘गोरोद’ म्हणजे शहर. ११ गाण्यांत एकच कथा आहे. मार्क हा नामवंत लेखक. तो मेयरच्या मुलीच्या प्रेमात पडतो, बंडखोरांकडे ओढला जातो आणि अखेर मेयरसमोर उभा राहतो. मधूनमधून टेलिफोनवर ठेवलेले निरोप ऐकू येतात. ते किराचे, म्हणजे मार्कच्या साहित्यिक एजंटचे असतात. मला रशियन येत नाही. शब्द मी अनुवादातून वाचले. आवाज मात्र कानांनी ऐकला.

गाण्यांत यमक आहे, ठेका आहे. किरा साधे गद्य बोलते. लेखनाची चौकशी करते, काळजी करते, फोन करायला सांगते. मार्क उत्तर देत नाही. किरा मेयरला सामील असेल काय, असे कोणी विचारील. मला त्याची गरज वाटत नाही. व्यवस्थेला प्रत्येक वेळी हेर लागत नाही, हितचिंतक पुरतो.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझा पहिला लेख वाचून एका संपादकांनी मला शेजारी बसवून चहा पाजला आणि म्हणाले, ‘छान लिहिता. वस्तीचा कडवटपणा तेवढा कमी करा.’ त्यांच्या मनात कपट नव्हते. मी दोन परिच्छेद कापले. ते आजही मला टोचतात.

याच संग्रहातील एका गाण्याचे शीर्षक आहे ‘केवळ लेखक’. ही मार्कची पळवाट आहे, आणि किराचे निरोप नकळत तीच वाट मोकळी ठेवतात. खुद्द कवीला हा प्रश्न पुढे चुकला नाही. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला होताच त्याने रशियातील आपले कार्यक्रम रद्द केले आणि परदेशात युद्धविरोधी कार्यक्रम केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियन सरकारने त्याला ‘परकीय हस्तक’ ठरवले.

तरीही माझा एक आक्षेप उरतो. या निरोपांत शहरातील कष्टकऱ्याचा एकही आवाज नाही. मार्कला बंडाची वाट सापडते ती मेयरच्या मुलीच्या प्रेमातून. राबणाऱ्या माणसाने त्याला हाक मारलेली नाही. म्हणून त्याचा विद्रोह मला प्रामाणिक वाटतो, पण एकाकी वाटतो. आपल्या साहित्याने बांधिलकीचा प्रश्न मांडला तो नेमका इथेच: लेखकापर्यंत कोणाचा निरोप पोचतो, आणि तो कोणाला उत्तर देतो?