सिसेरोची पोथी आणि जॉन अ‍ॅडम्स

अर्वाचीन राज्यमीमांसक रोमचा आधार देतात तेव्हां त्यांच्यापुढें कोणती पोथी होती, हें कोणी विचारीत नाहीं. आम्हांस तोच पहिला प्रश्न वाटतो. जॉन अ‍ॅडम्स यांनीं १७८७ त अमेरिकन राज्यघटनांचें समर्थन करितांना मिश्रराज्याच्या मतास सिसेरोच्या राज्यविषयक ग्रंथांतील वचन जोडलें. परंतु तो ग्रंथ तेव्हां बहुतांशीं लुप्त होता! ऑगस्टीन, नोनियस इत्यादिकांनीं उतरलेलीं त्रुटित वाक्यें आणि शेवटचें स्वप्नाख्यान, एवढेंच काय तें उरलें होतें; टीकाकारांच्या अवतरणांवरून लुप्त सूत्रकाराचें मत ठरवावें, तसाच हा प्रकार.

पुढें १८१९ त आंजेलो माय यांस व्हॅटिकनमधील एका चर्मपत्रीं पोथींत, ऑगस्टीनच्याच स्तोत्रटीकेच्या अक्षरांखालीं, पुसलेला सिसेरो सांपडला. १८२२ त तो छापून निघाला. त्यांत सिपिओ म्हणतो कीं, तीन शुद्ध प्रकारांतून एकच निवडणें भाग पडल्यास राजसत्ता बरी. हा संवाद १७८७ त कोणासच उपलब्ध नव्हता. अ‍ॅडम्स यांनीं ग्रंथलोपाबद्दल खेद नमूद केला आहे. त्यांस सिसेरोचे शिष्य ठरविणारे मात्र माय यांची प्रत खुशाल त्यांच्या हातीं देतात. मिश्रराज्याचें सविस्तर विवेचन अ‍ॅडम्स यांस पॉलिबियसच्या सहाव्या पुस्तकांत मिळालें होतें. शोध तेथें करावा.