भाकीत गावाचे, जाळी तालुक्याची

मोबाईलवरचे हवामानाचे अ‍ॅप उघडले की आपल्या गावाचे नाव दिसते आणि त्याखाली ‘दुपारी ३ वाजता पाऊस, ६० टक्के’ असे काहीसे भाकीत. अलीकडे सोबत ‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित’ अशी पाटीही असते. त्या पाटीचा अर्थ विद्यार्थ्यांनी विचारला, तर काय सांगावे?

आधी श्रेय देऊ. गूगल डीपमाइंडच्या ‘ग्राफकास्ट’ या प्रारूपावरील शोधनिबंध २०२३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. भाकीत करताना हे प्रारूप भौतिकीची समीकरणे सोडवत बसत नाही. १९७९ ते २०१७ या काळातील जगभरच्या हवामानाच्या आकड्यांवरून ते शिकले आहे. दहा दिवसांचे भाकीत ते मिनिटभरात देते, आणि बहुतेक कसोट्यांवर त्याने युरोपीय हवामान केंद्राच्या प्रस्थापित प्रारूपाला मागे टाकले. ही प्रगती खरीच मोठी आहे.

आक्षेप आहे तो ‘स्थानिक’ या शब्दाला. ग्राफकास्टची जाळी पाव अंशाची, म्हणजे दोन बिंदूंमध्ये सुमारे २८ किलोमीटर. अशा एका चौकोनात आपला एखादा तालुका मावेल. आता २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला अवघा ७३. या दोन वेधशाळांत अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे! जाळीच्या एका घरात हा सारा फरक बुडून जातो. अशा जाळीवरून अ‍ॅपने मधल्या गावांचे आकडे नुसत्या गणिताने भरले, तर नाव गावाचे आणि माहिती चौकोनाची, असा प्रकार होतो.

दुसरी अडचण शिकवणीतच आहे. चुकीचा वर्ग कमीत कमी ठेवणे, हा अशा प्रारूपांचा नेहमीचा धडा. समजा, शेजारच्या दोन गावांपैकी एकात १०० मिलिमीटर पाऊस पडणार, दुसरे कोरडे राहणार. पण कोणते, ते सांगता येत नाही. एका गावाला १०० आणि दुसऱ्याला ० असे ठामपणे सांगितले, तर निम्म्या वेळा चूक शून्य आणि निम्म्या वेळा वर्गांची बेरीज २०,०००, सरासरी १०,०००. दोन्हींना ५० सांगितले तर बेरीज नेहमीच ५,०००. प्रारूप अर्थातच दुसरा मार्ग शिकते. गुण चांगले मिळतात, पण ५० मिलिमीटर पाऊस कुठेच पडलेला नसतो! ढगफुटीच्या दिवशी नेमका हाच गुळगुळीतपणा घातक. (दहावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत होते.) २०२४ च्या ‘जेनकास्ट’ने एका उत्तराऐवजी अनेक संभाव्य उत्तरे देऊन यावर चांगली तोड काढली आहे. जाळी मात्र पाव अंशाचीच.

गावापुरती दुरुस्ती करता येत नाही असे नव्हे. प्रारूपाचे आकडे आणि स्थानिक केंद्राच्या जुन्या नोंदी यांचा संबंध बसवून भाकीत सुधारण्याची रीत अमेरिकेत ग्लान आणि लोरी यांनी १९७२ सालीच मांडली होती. यंत्र-अध्ययन हेच काम अधिक बारकाईने करू शकते. पण त्यासाठी गावात पर्जन्यमापक हवा, त्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात. जिथे मापकच नाही, तिथे यंत्र शिकणार कशावरून?

माझी खरी तक्रार याहून साधी आहे. मी पाहिलेल्या अ‍ॅपांत उद्याचे भाकीत ठळक असते. कालचे भाकीत काय होते आणि प्रत्यक्षात किती पाऊस पडला, हे शेजारी-शेजारी कुठेच सापडत नाही. ‘६० टक्के’ म्हटलेल्या शंभर दिवसांपैकी साठेक दिवस पाऊस पडला का, हे त्यामुळे पाहता येत नाही. शाळेतला पर्जन्यमापक आणि दोन रकान्यांची वही एवढ्यावर एका पावसाळ्यात निदान सुरुवात तरी होईल.