'मी एडिथ आहे' : 'डेड रिंगर' (१९६४) या चित्रपटातील ओळखीचा प्रश्न

जुळ्या भावंडांच्या रूपसादृश्यातून उद्भवणारा घोटाळा हा नाट्यवाङ्मयाचा एक अतिप्राचीन विषय होय. रोमन नाटककार प्लॉटस याने 'मेनेक्मी' या प्रहसनात तो हाताळला. शेक्सपिअरने 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये जुळ्या चाकरांची आणखी एक जोडी घालून तो दुप्पट केला. आणि १८६९ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी 'भ्रांतिविलास' या नावाने तो बंगालीत आणला. या सर्व कृतींत घोटाळा अज्ञानातून निर्माण होतो व दोन्ही जुळे एकदा समोरासमोर उभे राहिले की तो तत्काळ मिटतो. विसाव्या शतकातील चित्रपटीय मेलोड्रामाने मात्र या विषयाची घडणच पालटली. तेथे जुळ्यांपैकी एकीला सर्व काही ठाऊक असते, ती त्या सादृश्याचा जाणूनबुजून उपयोग करते आणि दुसरी बहुधा मरण पावलेली असते. साहजिकच दोघींना समोरासमोर उभे करून घोटाळा मिटविण्याचा जो मार्ग प्रहसनाला खुला होता, तो मेलोड्रामाला कायमचा बंद होतो. उरते ती एकटी व्यक्ती, आणि 'मी कोण' हे सांगण्यासाठी तिच्यापाशी असलेली भाषा. ही भाषा पुरी पडते काय, हा प्रश्न ज्या चित्रपटात सर्वांत तीव्रपणे उभा राहतो, तो म्हणजे पॉल हेनरीड दिग्दर्शित 'डेड रिंगर' होय.

या चित्रपटाची गणना सामान्यतः बेट्टी डेव्हिस या अभिनेत्रीच्या उत्तरकालीन करामतींत होते. दुहेरी भूमिका, पडद्याचे दोन भाग जुळवून साधलेली छायाचित्रणाची किमया, खून, विष आणि लाचलुचपतीच्या वळणाची धमकी इतके साहित्य एकत्र आले म्हणजे टीकाकार त्या कृतीला करमणुकीच्या खात्यात जमा करून मोकळा होतो. हा निर्णय सर्वस्वी अन्यायाचा आहे असे नाही; तथापि तो अपुरा आहे. चित्रपटाच्या अखेरच्या भागात एक साधे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि पूर्णतः सत्य असे वाक्य उच्चारले जाते व ते वाया जाते. त्या वाक्याच्या अपयशाचा विचार केल्यावाचून या कृतीचे मूल्यमापन करणे योग्य होणार नाही.

कथानक थोडक्यात असे. मार्गारेट आणि एडिथ या जुळ्या बहिणी. एडिथचे ज्याच्यावर प्रेम होते त्या फ्रँक डीलॉर्का या धनिकाशी मार्गारेटने आपण गरोदर असल्याचा बहाणा करून अनेक वर्षांपूर्वी लग्न केले. तेव्हापासून दुरावलेल्या बहिणींची भेट होते ती फ्रँकच्या अंत्यविधीच्या वेळी. एडिथ लॉस एंजलिसमध्ये एक लहानसे मद्यगृह चालविते व कर्जात बुडालेली आहे. मार्गारेटचे गरोदरपण खोटे होते हे कळताच ती मार्गारेटला आपल्या खोलीवर बोलावते, तिचा खून करते, कपडे बदलते आणि मृतदेहाला आपले नाव देऊन आत्महत्येचा देखावा उभा करते. आता ती मार्गारेट म्हणून प्रासादतुल्य घरात वावरू लागते. पुढे मार्गारेटचा प्रियकर टोनी येतो, त्याला खरा प्रकार उमगतो व तो तिला धमकावू लागतो. आणि अखेर उघडकीस येते की मार्गारेट व टोनी यांनी मिळून फ्रँकला सोमल घालून मारले होते. टोनी घरातील कुत्र्याच्या हल्ल्यात मरतो. फ्रँकचे प्रेत उकरून तपासले जाते व 'मार्गारेट' म्हणून एडिथला देहान्ताची शिक्षा होते. तिला पकडण्यास येणारा पोलिस अधिकारी जिम हॉबसन हा एडिथचाच प्रियकर असावा, हे या कथेतील क्रौर्याचे शिखर होय.

चित्रपटाच्या नावापासूनच अर्थविचारास प्रारंभ करता येतो. घोड्यांच्या शर्यतीत एका घोड्याच्या नावावर दुसराच घोडा फसवून उतरविला जाई. अशा घोड्यास अमेरिकन बोलीत 'रिंगर' म्हणत. त्यास 'डेड' हे तंतोतंतपणा दर्शविणारे विशेषण जोडले की 'हुबेहूब तसाच' असा अर्थ होतो. आणि त्या विशेषणाचा 'मृत' हा मूळ अर्थही येथे जागा राहतो. या वाक्प्रचाराला मराठीत सर्वांत जवळचा शब्द म्हणजे 'तोतया'. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या व १७७६ मध्ये देहान्त शिक्षा झालेल्या इसमामुळे हा शब्द मराठी मनात घट्ट रुजला आहे. तोतयाचे लक्षण हे की तो दुसऱ्याचे नाव आपले म्हणून सांगतो व ते विधान असत्य असते. 'डेड रिंगर'चा विशेष असा की येथे नायिका प्रथम दुसरीचे नाव सांगते व तिच्यावर विश्वास ठेवला जातो; पुढे ती स्वतःचे नाव सांगते आणि तेव्हा ती तोतया ठरते.

ही कथा मूळची हॉलिवुडमध्ये प्रथम चित्रित झाली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रायन जेम्सच्या कथेवरून रॉबेर्तो गाव्हाल्दोन याने १९४६ मध्ये मेक्सिकोत 'ला ओत्रा' हा चित्रपट काढला. त्यात डोलोरेस देल रिओ हिने मारिया व माग्दालेना या जुळ्यांची भूमिका केली. 'ला ओत्रा' म्हणजे 'ती दुसरी'. 'दुसरी' हा शब्द सापेक्ष आहे. पहिली कोण हे ठरल्याखेरीज त्याला अर्थ नाही. मेक्सिकन चित्रपटाच्या नावात दोघींचे परस्परावलंबन आहे, तर अमेरिकन नावात फसवणूक आहे. त्याच १९४६ साली बेट्टी डेव्हिसनेही 'अ स्टोलन लाइफ' या कर्टिस बर्नहार्ट दिग्दर्शित चित्रपटात जुळ्या बहिणींची भूमिका केली होती. ती कथा कारेल बेनेश या चेक लेखकाच्या कादंबरीवर आधारलेली होती. म्हणजे एकाच अभिनेत्रीने अठरा वर्षांच्या अंतराने हा प्रश्न दोनदा हाताळला, आणि दोन्ही वेळा छायाचित्रणात अर्नेस्ट हॅलरचा हात होता. या तीन चित्रपटांची तुलना केली असता ओळखीच्या खुणांची एक चढती श्रेणी दिसून येते : अंगठी, स्वाक्षरी आणि नाव.

'अ स्टोलन लाइफ'मध्ये वादळात होडी उलटते. बुडणाऱ्या पॅटचा हात धरण्याचा प्रयत्न करताना तिची लग्नाची अंगठी केटच्या हाती येते, आणि त्या अंगठीवरून लोक केटलाच पॅट समजतात. भारतीय वाचकाला येथे 'अभिज्ञानशाकुंतला'चे स्मरण होणे अपरिहार्य आहे; परंतु साम्याइतकाच विरोधही लक्षणीय आहे. कालिदासाच्या नाटकात अंगठी हरवल्याने खरी ओळख नाकारली जाते व सापडल्याने ती परत मिळते. येथे अंगठी सापडल्याने खोटी ओळख निर्माण होते. खूण तीच, पण तिच्या पाठीमागे असलेला सत्याचा हवाला नाहीसा झाला आहे. तरीही या चित्रपटाचा शेवट गोड आहे. केट निघून जाते, बिल तिच्या मागोमाग येतो आणि तिला ओळखतो. प्रेम हे खुणेवाचून ओळखू शकते, असा दिलासा १९४६ चा चित्रपट देतो. १९६४ चा चित्रपट नेमका हाच दिलासा काढून घेतो.

स्वाक्षरीचा प्रसंग 'ला ओत्रा' व 'डेड रिंगर' या दोहोंतही आहे. मृत पतीच्या मिळकतीच्या कागदपत्रांवर सही करण्याची वेळ येते. चेहरा सारखा आहे, पोशाख घालता येतो, मैत्रिणीच्या गप्पांना मोघम उत्तरे देऊन निभावता येते; पण हस्ताक्षर मात्र बहिणीचे नाही. तेव्हा नायिका शेगडीतील तापलेली सळई हातात धरून उजवा हात भाजून घेते. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत असे दाखविले की काही उक्ती वर्णन करीत नाहीत, त्या कृतीच घडवितात. बोलताना अशी उक्ती वक्त्याच्या उपस्थितीने त्याच्याशी बांधली जाते, तर लेखनात ते काम स्वाक्षरी करते. या दृष्टीने पाहिले असता हात भाजण्याचा प्रसंग केवळ अंगावर शहारे आणणारा राहत नाही. स्वाक्षरी म्हणजे लिखित 'मी'. एडिथ आपला हात भाजते तेव्हा ती पुरावा नष्ट करतेच. पण 'मी' असे लिहू शकणारा अवयवही स्वतःच्या हाताने निकामी करते. यापुढे तिच्यापाशी केवळ बोललेला 'मी' उरतो.

आणि हा बोललेला 'मी' किती दुबळा आहे, ते अटकेच्या प्रसंगी प्रत्ययास येते. जिम तिला पकडण्यास आला असता ती त्याला सांगते की आपण मार्गारेट नसून एडिथ आहोत. प्रेक्षकाला या वाक्यात नवे काहीच नाही. जिमच्या दृष्टीने मात्र याहून महत्त्वाचे वाक्य संभवत नाही. तो विश्वास ठेवीत नाही. एडी माशीलाही इजा करणारी नव्हती, अशा आशयाचे उत्तर देऊन तो तो विषय संपवितो.

येथे दोन शब्दांचे स्वरूप तपासून पाहण्याजोगे आहे. 'मी' या सर्वनामाचा समावेश येस्पर्सन व त्याच्यामागून याकोबसन यांनी 'शिफ्टर' या वर्गात केला. जो उच्चारील त्याच्याकडे हे पद वळते. त्याला स्वतःची अशी वस्तू नाही. म्हणूनच एडिथने उच्चारलेला 'मी' आणि एखाद्या भामट्या मार्गारेटने उच्चारलेला 'मी' यांत भाषिक फरक काहीच नाही. वाक्याचा सारा भार 'एडिथ' या विशेषनामावर पडतो. विशेषनामाविषयी सॉल क्रिप्की याने १९७० च्या व्याख्यानांत मांडलेले मत असे की नाम हे वर्णनाचे संक्षिप्त रूप नव्हे. त्या व्यक्तीविषयीची आपली सर्व वर्णने खोटी ठरली तरी नाम त्याच व्यक्तीचा निर्देश करीत राहते. जिमचे वर्तन याच्या नेमके उलट आहे. त्याच्या लेखी 'एडी' म्हणजे 'जी कोणाला इजा करीत नाही ती'. समोरची स्त्री या वर्णनात बसत नाही. म्हणून ती एडी नव्हे. तर्क सुसंगत आहे व निष्कर्ष चूक आहे. ज्या नावाने तो तिच्यावर प्रेम करीत होता, त्या नावाचे त्याने वर्णनात रूपांतर केले आणि व्यक्ती हातची गमावली.

भारतीय तर्कपरंपरेत ओळखीच्या ज्ञानाला 'प्रत्यभिज्ञा' म्हणतात, आणि 'तो हा देवदत्त' हे तिचे ठरलेले उदाहरण आहे. पूर्वी पाहिलेला 'तो' व आता दिसणारा 'हा' यांतील काळाचे व स्थळाचे भेद बाजूला सारले म्हणजे एकच देवदत्त हाती लागतो. जिमला नेमके हेच साधत नाही. 'ती' मद्यगृहातील होती, 'ही' प्रासादातील आहे. 'ती' निरुपद्रवी होती, 'ही' खुनी आहे. भेद सारण्याऐवजी तो भेदांनाच व्यक्ती समजतो. याउलट मार्गारेटशी कधी न जमलेला घरातील कुत्रा एडिथला लगेच जवळ करतो. त्याला भाषा नाही, म्हणून वर्णनही नाही; तो फक्त भेद जाणतो आणि तो जाणणे अचूक असते.

शिक्षा जाहीर झाल्यावर जिमच्या मनात शंका उत्पन्न होते व तो तिला विचारतो की तू खरोखरच एडी आहेस काय. आता विश्वास ठेवण्याची तयारी असलेला श्रोता मिळाला आहे. परंतु या वेळी ती नकार देते, आणि त्याचेच माशीविषयीचे शब्द त्याला परत करते. या नकाराचा अर्थ केवळ त्याग असा करणे पुरेसे नाही. 'मी एडिथ आहे' हे वाक्य सिद्ध झाले असते तर त्याबरोबरच 'मी मार्गारेटला मारले' हेही सिद्ध झाले असते. जुळ्यांच्या बोटांचे ठसे भिन्न असतात, हे लक्षात घेता ते सिद्ध करणे अशक्यही नव्हते. तिला खऱ्या नावाने खऱ्या गुन्ह्याची शिक्षा भोगता आली असती; ती खोट्या नावाने न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा पत्करते. तिच्या हातून एक मृत्यू घडला आहे, म्हणून न्याय सर्वस्वी चुकत नाही. पण निकालपत्रातील नाव आणि दंडित होणारा देह यांचा मेळ कोठेच बसत नाही. फ्रँकचे खरे मारेकरी तर आधीच मेलेले आहेत. एडिथ जे वाचविते ते स्वतःचे प्राण नव्हेत, 'एडी' हे जिमच्या मनातील वर्णन होय. ते वर्णन तिला लागू पडत नाही हे तिच्याइतके कोणीच जाणत नाही.

चित्रपटाचे दोष झाकण्याचे कारण नाही. टोनीचे आगमन झाल्यावर मधल्या भागात कथेचा रोख ओळखीच्या प्रश्नावरून ढळतो व धमकीच्या नेहमीच्या क्लृप्त्या सुरू होतात. कुत्र्याच्या हातून टोनीचा अंत ही तर पटकथाकारांची उघड सोय आहे. कुत्र्याच्या भाषाविरहित ज्ञानाला जे गांभीर्य आले होते, ते या हिंसक उपयोगाने कमी होते. मार्गारेटच्या व्यक्तिरेखेला इतका थोडा अवकाश मिळतो की तिच्या मृत्यूचे ओझे प्रेक्षकाच्या मनावर फारसे राहत नाही. परिणामी एडिथच्या अपराधाचे वजन घटते आणि शेवटच्या नकारातील नैतिक गुंतागुंत काहीशी सोपी होते. या बाबतीत 'दुसरी' हे नाव शिरावर मिरविणारा मेक्सिकन चित्रपट दोन बहिणींमधील नात्याला अधिक जागतो असे म्हणावे लागते.

असे असूनही 'डेड रिंगर'चे वेगळेपण अबाधित राहते. रूपसादृश्याचा घोटाळा हा डोळ्यांचा घोटाळा आहे आणि शब्दांनी तो मिटेल, असे प्रहसन मानीत आले. या चित्रपटात डोळ्यांचा घोटाळा कथेच्या प्रारंभीच पार पडतो. त्यानंतर जे घडते तो शब्दांचा घोटाळा आहे. सत्य विधानाला केवळ सत्य असणे पुरत नाही. ते स्वीकारणारा श्रोता लागतो, आणि तो श्रोता जर नावाच्या जागी आपले आवडते वर्णन घेऊन बसला असेल, तर जगातील सर्वांत साधे वाक्यही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मेलोड्रामा हा प्रकार भावनांच्या अतिरेकाबद्दल बदनाम आहे. पण आपले नाव सांगणाऱ्या माणसावर कोणी विश्वास ठेवू नये, ही अवस्था संयत भाषेत मांडण्याजोगी नाही. अतिरेक येथे विषयाचीच गरज आहे, आणि म्हणूनच या कृतीला करमणुकीच्या खात्यातून बाहेर काढून गंभीर विचाराच्या कक्षेत आणणे आवश्यक ठरते.