एका आखूड शब्दाचा व्याप

'रन' हा तीन रोमी अक्षरांचा इंग्रजी शब्द. शाळेत आपण त्याचा अर्थ 'धावणे' असा पाठ केला आणि तेवढ्यावर समाधान मानले. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाला मात्र इतक्यावर थांबता आले नाही. 1989 च्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद 'सेट' या शब्दाची होती. 2011 मध्ये 'रन'ची नोंद नव्याने सिद्ध झाली, तेव्हा त्याच्या क्रियापदाचेच 645 अर्थ भरले. नदी, यंत्र, कच्चा रंग, सर्दीचे नाक, ही सारी इंग्रजीत 'धावतात'. मराठीत नदी वाहते, यंत्र चालते, रंग जातो, नाक गळते. अमेरिकेत निवडणुकीचा उमेदवारही धावतो. इंग्लंडात मात्र तो आपल्याकडल्यासारखा उभा राहतो!

यास इंग्रजीचे दारिद्र्य म्हणावे काय? नवे यंत्र आले की त्या भाषेने घरचेच क्रियापद कामास जुंपले, हे तिचे सामर्थ्यच होय. मराठीतही ते आहे. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, ठेच लागते. टेलिफोन आला तेव्हा तोही 'लागू' लागला.

परंतु परप्रांती कचेरीत दिवस घालविणारे आपण घरीही 'स्टार्ट करतो', 'अरेंज करतो', 'डिसाइड करतो' असेच बोलतो. परका शब्द आला म्हणून भाषा बुडत नाही. मात्र सारा भार एकट्या 'करणे'वर टाकला की बाकीची क्रियापदे निकामी होतात. आणि परप्रांती वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानी बहुधा एवढीच मराठी पडते.