ट्रॅकवरचं भावगीत

विरार पूर्वेला, पापडखिंड धरणाच्या बाजूच्या फुलपाड्यात गणपतीत किंवा कोजागरीला एखाद्या सोसायटीत डोकावलं, तर माइकवर नवं मराठी गाणं कानी पडण्याचा संभव कमीच. अरुण दाते, सुधीर फडके, सुमन कल्याणपूर यांच्या गाण्यांवर रात्र निघते. गिरगाव-परळच्या चाळींतून इकडे आलेल्या पिढीनं संसाराबरोबर ही गाणीही आणली. नाट्यगृहातला कार्यक्रम ऐकायला बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे गाठायचं, तर शेवटच्या गाण्यापर्यंत परतीच्या लोकलची चिंता. त्यापेक्षा गच्चीवरचा कराओके बरा.

या हौसेला नाक मुरडण्याचं कारण नाही. भावगीताचा जन्मच बैठकीबाहेरचा. गजानन वाटवे (१९१७-२००९) गणेशोत्सवात भर चौकात गायचे आणि लोक रस्त्यावर बसून कविता ऐकायचे. तेव्हा मांडवातलं भावगीत ही घसरण नव्हे. प्रश्न आहे तो आपण यातलं काय जपतो आहोत, हा.

‘शुक्रतारा’चंच घ्या. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. खळ्यांच्या चाली कानाला सोप्या वाटतात, गळ्याला मात्र घाम फोडतात. दात्यांनी त्यात तानेचा सोस केला नाही. शब्द जवळच्या माणसाला सांगावा तसा सांगितला. हे द्वंद्वगीत आज गच्चीवर होतं, तेव्हा दोघांचेही डोळे मोबाइलवर असतात. अक्षरांचा रंग बदलला की ओळ उचलायची. एखाद्या शब्दावर रेंगाळावंसं वाटलं तरी ट्रॅक थांबत नाही. समोर तबलजी असता तर त्यानं गायकाचा श्वास ओळखून ठेका सांभाळला असता. पट्टी बटणावर बदलता येते, पण गाण्यातल्या जागा बटणावर येत नाहीत.

मोठ्या रंगमंचावर वादक असतात, ध्वनिव्यवस्था चोख असते. तरी वृत्ती तीच. ठरलेली वीस-पंचवीस गाणी, निवेदकाचे ठरलेले किस्से आणि ‘हुबेहूब’ ही सर्वांत मोठी शाबासकी. आपण गाण्याच्या नव्हे, रेकॉर्डच्या प्रेमात आहोत. म्हणून त्याच संगीतकारांच्या कमी ऐकलेल्या रचनाही मागे पडतात.

ज्या काळासाठी आपण हळहळतो, तो स्वतः मात्र नव्याचा भुकेला होता. १९५५मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके यांनी आठवड्यामागून आठवडे नवी गाणी देत छप्पन गीतांची माळ पुरी केली. यशवंत देवांसारखा संगीतकार आकाशवाणीत नोकरीला होता. कवी, संगीतकार आणि गायक यांना एकत्र बसवणारी, वेळेवर गाणं मागणारी ती कार्यशाळा होती. तिनं दर्जा राखला. रेडिओची जागा कॅसेटनं, कॅसेटची जागा मोबाइलनं घेतली. ती कार्यशाळा मात्र कुणी चालवायला घेतली नाही.

प्रयत्नच झाले नाहीत, असं नाही. १९९८च्या ‘गारवा’ या अल्बममध्ये कवी सौमित्र आणि गायक-संगीतकार मिलिंद इंगळे यांनी कवितावाचन आणि गाणं शेजारी बसवलं. २००३पासून ‘आयुष्यावर बोलू काही’मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी कवीलाच मंचावर आणलं आणि अनोळखी गाण्यांसाठीही तिकीट काढणारा श्रोता आहे, हे दाखवून दिलं. आता तीही गाणी ‘आमच्या कॉलेजच्या काळातली’ झाली आहेत. त्यानंतर चित्रपटगीतांनी मैदान व्यापलं. ‘सैराट’च्या यशानं भव्य वाद्यमेळाची भूक वाढली, हलक्या आवाजात, एका माणसानं एकाला सांगावं अशा गाण्याला जागा उरली ती यूट्यूबवर, आणि तिथे त्याला मांडवासारखा समोर बसलेला श्रोता मिळत नाही.

म्हणून फुलपाड्याच्या मांडवाकडून अपेक्षा ठेवायला हवी. श्रोते आहेत, माइक आहे, गाणारे गळे आहेत. वसई-विरार पट्ट्यात लिहिणाऱ्यांचीही वानवा नाही. दर कार्यक्रमात एक कविता नवी आणि तिची चालही नवी, पेटी-तबल्यावर, ट्रॅकशिवाय. पहिली दहा गाणी फसतील. वाटव्यांसमोरचा श्रोताही नवंच गाणं ऐकत होता. तेवढी उदारता आपण दाखवली नाही, तर पुढच्या पिढीला आठवायला आपल्या काळाचं एकही भावगीत असणार नाही.