आप्त कोण? लिटल बिगहॉर्नचे साक्षीदार आणि त्यांचे इतिहासकार



मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी मला गाठलं आणि म्हणाले, "सर, आप्तवाक्य वगैरे ठीक आहे, पण प्रत्यक्ष पुरावे तपासणाऱ्या माणसाला याचा काही उपयोग आहे का?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आज नीट द्यायचा प्रयत्न करतो आणि त्यासाठी तुम्हाला अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या एका टेकडीवर घेऊन जातो.

२५ जून १८७६. लेफ्टनंट कर्नल जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर सातव्या कॅव्हलरी रेजिमेंटला घेऊन लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या लाकोटा आणि शायान लोकांच्या प्रचंड तळावर चालून गेला. त्याने रेजिमेंटचे भाग पाडले. मेजर रीनोला तळावर हल्ला करायला पाठवलं, कॅप्टन बेंटीनला दुसरीकडे धाडलं आणि स्वतः पाच कंपन्या घेऊन उंचवट्यांवरून पुढे गेला. त्या पाच कंपन्यांतले सुमारे २१० लोक, कस्टरसकट, मारले गेले. रीनो आणि बेंटीनचे बरेच लोक दुसऱ्या एका टेकडीवर टिकून राहिले आणि वाचले.

आता गंमत बघा. कस्टरच्या शेवटच्या लढाईत त्याच्या बाजूचा जिवंत साक्षीदार नाही. साक्षीदार मात्र शेकडो होते, पण सगळे समोरच्या बाजूचे. इतिहासाची साधनं गोळा करणाऱ्याला याहून सोपी परिस्थिती कुठली? जे हजर होते त्यांच्याकडे जा आणि विचारा. पण झालं असं की, जे हजर नव्हते त्यांनी गोष्ट सांगितली आणि जे हजर होते त्यांच्या सांगण्याला "परस्परविरोधी" असा शेरा मारून बाजूला ठेवलं गेलं.

कस्टरची पत्नी एलिझाबेथ १९३३ पर्यंत जगली आणि नवऱ्याची प्रतिमा तिने पुस्तकांतून निष्ठेने जपली. बफेलो बिल कोडीच्या खेळात हा प्रसंग हजारो लोकांसमोर उभा केला जाई. १८९६ मध्ये एका बिअर कंपनीने कस्टरच्या अखेरच्या लढ्याचं रंगीत छापील चित्र गुत्त्या-गुत्त्यांत वाटलं. आणि १९४१ मध्ये एरॉल फ्लिनचा 'दे डाइड विथ देअर बूट्स ऑन' आला. तो मी कॉलेजात असताना मॅटिनीला पाहिला आहे. शेवटी चारी बाजूंनी वेढलेला तो कस्टर बघून मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आपण कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवतोय, हे त्या वयात कळत नाही. (कळायला हवं होतं, खरं तर. आपण काही शंभर टक्के कॅव्हलरीच्या बाजूचे लोक नव्हे.)

पण सिनेमाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. माझी तक्रार सिनेमावाल्यांशी नाही. ती प्रामाणिक संशोधकांशी आहे, आणि त्यासाठी मी एकच प्रकरण जरा सावकाश सांगणार आहे.

एडवर्ड कर्टिस हा छायाचित्रकार तुम्हाला माहीत असेल. मूळ रहिवाशांची ती गंभीर, तपकिरी छटेची पोर्ट्रेट्स, ती त्याची. त्याच्या 'द नॉर्थ अमेरिकन इंडियन' या वीस खंडांच्या प्रकल्पाला जे. पी. मॉर्गनचा पैसा होता आणि पहिल्या खंडाला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची प्रस्तावना. १९०७ मध्ये हा कर्टिस लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर गेला, तोही कस्टरबरोबर वाटाडे म्हणून गेलेल्या तीन क्रो स्काउट्सना घेऊन: गोज अहेड, हेअरी मोकॅसिन आणि व्हाइट मॅन रन्स हिम. लक्षात घ्या, हे शत्रुपक्षाचे नव्हेत. क्रो लोक लाकोटांचे जुने वैरी, ते कस्टरच्या बाजूने आले होते. अखेरच्या चकमकीआधी त्यांना परत पाठवलं म्हणून ते वाचले. कर्टिस त्यांच्याबरोबर जमीन पायाखाली घालत, जागा दाखवून घेत हिंडला. त्यांनी जे सांगितलं त्याचा गाभा असा: खाली दरीत रीनोच्या लोकांची दाणादाण होत असताना कस्टर वरच्या उंचवट्यावरून ते पाहत होता आणि मदतीला उतरला नाही.

कर्टिस हादरला. ते छापावं का, हे त्याने रूझवेल्टना विचारलं. रूझवेल्टनी १९०८ मध्ये उत्तर पाठवलं. त्याचा मतितार्थ असा की, तीस वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दलच्या आठवणींवर विसंबताना अत्यंत सावध राहायला हवं. कर्टिसने तो भाग गाळला. त्या वर्षी निघालेल्या तिसऱ्या खंडात लढाई आहे, पण स्काउट्सचा हा आरोप नाही. त्याचे हे कागद पुस्तकरूपाने यायला २००० साल उजाडलं.

आता रूझवेल्ट यांचं म्हणणं तर्काच्या दृष्टीने तपासा. तीस वर्षांची आठवण सदोष असू शकते, हे खरंच आहे. मला विचाराल तर तीन दिवसांपूर्वी चष्मा कुठे ठेवला हे सांगता येत नाही. पण नियम म्हटला की तो सगळ्यांना लागू हवा. त्याच वर्षांत वॉल्टर कॅम्प नावाचा शिकागोचा एक गृहस्थ, जो रेल्वेच्या एका व्यावसायिक नियतकालिकाचा संपादक होता, तो सुट्ट्या काढून या लढाईतल्या वाचलेल्या माणसांना गाठत होता. गोऱ्या सैनिकांना आणि इंडियनांनाही. त्या सैनिकांच्या आठवणीही तितक्याच जुन्या. त्या मात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या आधार म्हणून वापरल्या गेल्या. म्हणजे आक्षेप आठवणीला नव्हता, आठवणाऱ्याला होता. कॅम्पचं श्रेय असं की त्याने हा भेद केला नाही. त्याचं पुस्तक मात्र कधीच पूर्ण झालं नाही. १९२५ मध्ये तो वारला, टिपणं वेगवेगळ्या संग्रहांत विखुरली, आणि त्यांतल्या मुलाखतींचा मोठा भाग पुस्तकरूपाने आला तो १९७६ मध्ये.

इथे मला वात्स्यायन आठवतात. न्यायभाष्यात आप्त कोण हे सांगताना ते म्हणतात की, ज्याला विषयाचं साक्षात ज्ञान आहे आणि जे पाहिलं तसं सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे जे म्हणतात ते फार महत्त्वाचं: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस हे लिहून गेला! आपल्याच समाजाने ते किती पाळलं हा प्रश्न मी आज उघडत नाही, तो उघडला तर व्याख्यान वेगळंच होईल. पण निकष म्हणून बघा. तिघे स्काउट तिथे होते का? होते. खोटं सांगण्यात त्यांचा काही फायदा दिसतो का? ज्या देशाने कस्टरला देव्हाऱ्यात बसवलं त्या देशात, त्याच्याच सरकारच्या ताब्यातल्या रिझर्वेशनवर राहून? मग त्यांचं सगळं खरंच होतं असं मी म्हणत नाही. त्यांच्या कथनाबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहेत. पण वाद घालायला आधी ते छापावं लागतं.

"परस्परविरोधी" या शेऱ्याकडे वळू. लाकोटा आणि शायान योद्ध्यांच्या कथनांत विसंगती आहेतच. सांगणारा एका भाषेत बोलतोय, दुभाषा अर्धवट समजून दुसऱ्या भाषेत सांगतोय, लिहिणाऱ्याला हवी आहे ती गोष्ट त्याच्या मनात आधीच तयार आहे. शिवाय सांगणाऱ्याला भीती की, मी कुणाला मारलं हे बोललो तर शिक्षा होईल. आणि एकेका योद्ध्याने लढाई पाहिली ती धुरळ्यात, आपल्यासमोरच्या दहा-वीस हातांपुरती. वेळेचंच घ्या. एका योद्ध्याच्या नावावर असं सांगितलं जातं की, शेवटची लढाई भुकेल्या माणसाला जेवायला लागतो तेवढाच वेळ चालली. याला अभ्यासक बरीच वर्षं काव्यमय अतिशयोक्ती म्हणत राहिले. ज्याची आजी "कासराभर दिवस वर आला" असं म्हणायची, त्याला यात काव्य दिसणार नाही. ते माप आहे! घड्याळ नसलेल्या माणसाचं, पण माप.

आणि शब्दच हवेत असंही नाही. रेड होर्स या मिनिकोंजू लाकोटाने १८८१ मध्ये शायान रिव्हर एजन्सीवर, मॅकचेस्नी या लष्करी डॉक्टरच्या विनंतीवरून, लढाईची ४२ चित्रं काढली. ती आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहेत. घोड्यांची प्रेतं ओळीने, नग्न आणि छिन्नविच्छिन्न देह, तंबूंची वस्ती. घटनेनंतर अवघ्या पाच वर्षांनी, स्वतः लढलेल्या माणसाने काढलेली. मानववंशशास्त्रज्ञांनी ती "चित्रलिपीचे नमुने" म्हणून छापली, १८९३ मध्ये. साक्ष म्हणून नव्हे, नमुना म्हणून. कागद उत्तम जपला, पण कोणत्या कपाटात ठेवला ते बघा.

मग १९८३ च्या ऑगस्टमध्ये रणभूमीवर वणवा लागला. गवत जळालं, जमीन उघडी पडली आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी मेटल डिटेक्टर घेऊन ती टेकडी रांगेने पिंजून काढली. सापडलेली प्रत्येक गोळी, प्रत्येक काडतूस जागेसकट नोंदलं. बंदुकीची फायरिंग पिन काडतुसावर जो ठसा उठवते तो त्या बंदुकीपुरता वेगळा असतो, त्यामुळे एकच बंदूक इथून तिथे कशी सरकली हे माग काढल्यासारखं दिसू लागलं. सैनिकांकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन्स होत्या, तर समोर हेन्री आणि विंचेस्टरसारख्या लागोपाठ झाडायच्या रायफलीही होत्या. सैनिकांच्या बंदुका अडकल्या म्हणून ते हरले, ही जुनी सबबही गेली. काडतूस खेचून काढल्याच्या खुणा अगदी थोड्यांवर होत्या. १८९० मध्ये सैनिक पडले त्या जागी म्हणून लावलेले पांढरे संगमरवरी दगड मेलेल्यांच्या संख्येपेक्षा जास्त होते. उत्खननात दिसलं की जोडीने उभे असलेले दगड बहुधा एकाच माणसाचे. स्मारकही चुकीचं मोजतं ते असं.

फॉक्सने १९९३ च्या ग्रंथात मांडलं की शिस्तबद्ध "अखेरचा लढा" असा झालाच नाही. एका टोकाला सैनिकांची रांग दिसते, मग ती कोलमडते आणि शेवट घबराटीत, झटपट होतो. थोडक्यात, योद्धे शंभर वर्षं जे सांगत होते तेच.

यावर सगळीकडे आनंदीआनंद झाला: विज्ञानाने इंडियनांना खरं ठरवलं! इथे मी थोडा अडतो. पहिली गोष्ट, टेकडीवर सैनिकांची काडतुसं कमी सापडली हा फॉक्सचा एक मोठा आधार. आपल्या मीमांसकांनी अनुपलब्धीला प्रमाण मानलं खरं, पण अट घातली: वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. त्या टेकडीवरून तर शंभर वर्षं येणारा-जाणारा आठवण म्हणून काडतुसं खिशात घालून नेत होता. तिथला अभाव फार बोलत नाही. हा आक्षेप फॉक्सवर घेतला गेला आहे आणि मला तो योग्य वाटतो.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. काडतूस काळ सांगत नाही. आधी काय, नंतर काय, हे फॉक्सला कळलं ते योद्ध्यांच्या कथनांमुळे. त्यांच्या आधाराने त्याने जमिनीतला ठसा वाचला. म्हणजे धातूने माणसाला खरं ठरवलं एवढंच नाही, माणसाने धातूला अर्थ दिला. पण आपण सांगतो उलटं. काडतुसाने होकार दिला म्हणून रेड होर्स खरा, असं म्हणणारा रेड होर्सला अजूनही आप्त मानत नाही. त्याने फक्त जामीनदार बदलला.

हे मी दुसऱ्यांना सांगतोय असं समजू नका. राजवाड्यांच्या परंपरेत आपण अस्सल कागदापुढे बखर तुच्छ मानायला शिकलो. ती शिस्त मोलाचीच आहे. पण त्याच शिस्तीच्या गुर्मीत मी एकदा एका विद्यार्थिनीचा प्रबंधाचा आराखडा परत केला होता. तिला वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या सांगण्यावर काम करायचं होतं. मी समासात "सांगोवांगी" असा शेरा मारला. तिने विषय बदलला. त्या बायका आता नाहीत.

रणभूमीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. ती जागा क्रो रिझर्वेशनच्या हद्दीत आहे आणि १९९१ पर्यंत तिचं अधिकृत नाव कस्टरच्या नावाने होतं. त्या वर्षी कायद्याने ते लिटल बिगहॉर्न बॅटलफील्ड झालं. २००३ मध्ये तिथे मूळ रहिवाशांचं स्मारक उभं राहिलं. त्याआधी, १९९९ मध्ये, पांढऱ्या दगडांच्या त्या गर्दीत दोन शायान योद्ध्यांसाठी तांबड्या ग्रॅनाइटचे दगड बसवले: लेम व्हाइट मॅन आणि नॉइझी वॉकिंग. जागा कशी ठरवली? लढाईनंतर शायान कुटुंबांनी आपला माणूस पडला त्या ठिकाणी दगडांचे छोटे ढीग रचून ठेवले होते आणि कोणता ढीग कुणाचा हे घरात सांगत आले होते. लेम व्हाइट मॅनचा नातू, जॉन स्टँड्स इन टिंबर, हे सगळं सांगत असे; त्याच्या आठवणींचं पुस्तक १९६७ मध्ये निघालं. ते ढीग तिथे कायम होते. येणारे लोक त्यांच्या बाजूने चालत वर कस्टरचा दगड बघायला जात होते.

आता प्रश्न असतील तर विचारा. मागचे ते श्रोते आलेत का? या, पुढे बसा.