दोन रोल, एक भिंत

'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या जुन्या आणि मान्यवर नियतकालिकात १९८४ साली 'द टॉयलेट पेपर प्रॉब्लेम' नावाचा सहा पानांचा निबंध छापून आला. नाव वाचून कुणाला वाटेल, संपादकांनी गंमत केली असावी. पण लेखकाचे नाव पाहिले की माणूस सावरून बसतो. डोनाल्ड क्नूथ म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगणकशास्त्राचे तेव्हाचे प्राध्यापक, 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथमालेचे कर्ते आणि १९७४ सालच्या ट्यूरिंग पारितोषिकाचे मानकरी. या गृहस्थांना स्वच्छतागृहातल्या भिंतीवरचा कागदाचा होल्डर पाहून गणित सुचले.

आपल्याकडे या कामाला पाणी वापरतात. तेव्हा या होल्डरशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध एवढाच की, रोजच्या एका साध्या वस्तूचे गणिती प्रतिमान कसे बनवतात आणि ते बनवताना हातातून काय निसटते, हे दाखवणारे इतके सुटसुटीत उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे. निबंध मला फार आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. तक्रार त्यानंतर.

प्रश्न असा. होल्डरवर कागदाचे दोन सारखे रोल आहेत आणि माणूस कोणत्याही रोलमधून कागद घेऊ शकतो. माणसे दोन प्रकारची. काही जण नेहमी मोठ्या रोलमधून घेतात, काही नेहमी लहान रोलमधून. आपण त्यांना थोरलेपंथी आणि धाकटेपंथी म्हणू. दोन्ही रोल अगदी सारखे असतील, तर जो जवळ असेल त्यातून प्रत्येक जण घेतो. प्रत्येक जण एका वेळी सारखाच तुकडा घेतो. आता, एक रोल संपतो त्या क्षणी दुसऱ्यात सरासरी किती तुकडे उरलेले असतील?

दोन टोकांची उत्तरे सहावीतला मुलगाही देईल. सगळेच धाकटेपंथी असतील, तर एक रोल पुरता संपेल आणि दुसरा अख्खा शिल्लक राहील. सगळेच थोरलेपंथी असतील, तर दोन्ही रोल बरोबरीने झिजत जातील आणि एक संपेल तेव्हा दुसऱ्यात एकच तुकडा राहील. खरी मजा मधल्या प्रदेशात आहे. प्रत्येक रोल शंभर तुकड्यांचा धरू. शंभरात चाळीस थोरलेपंथी असतील, तर दर दहा माणसांमागे सहा तुकडे धाकट्यातून जातात आणि चार थोरल्यातून. धाकट्यातले शंभर संपेपर्यंत थोरल्यातले सुमारे ६७ जातात, म्हणजे ३३ उरतात. दोन्ही रोल बरोबरीला येतात तेव्हा थोरलेपंथीयांनाही धाकटेपंथीयांबरोबर एकाच रोलमधून घ्यावे लागते. त्याचा हिशोब धरला की सरासरी ३५ च्या जवळ जाते. आता प्रमाण उलट करा, म्हणजे साठ थोरलेपंथी आणि चाळीस धाकटेपंथी. उत्तर येते ३. आणि हे ३ रोल शंभर तुकड्यांचा असला तरी ३ आणि हजाराचा असला तरी ३! दोन रोलांत जरा अंतर पडले की बहुसंख्य थोरलेपंथी ते लगेच भरून काढतात, म्हणून रोलची लांबी इथे कामाला येत नाही. बरोबर निम्मे निम्मे असतील, तर तुकड्यांच्या संख्येला पायने भागून त्याचे वर्गमूळ काढायचे आणि दुप्पट करायची. शंभराला सुमारे ११, हजाराला सुमारे ३६.

म्हणजे पन्नास टक्क्यांच्या रेषेवर उत्तराचा स्वभावच बदलतो. रेषेच्या एका बाजूला शिल्लक रोलच्या लांबीच्या प्रमाणात वाढते, दुसऱ्या बाजूला ती वाढायचे नावच घेत नाही, आणि ऐन रेषेवर वर्गमूळाच्या हिशोबाने वाढते. पाणी गोठताना किंवा लोखंड तापवल्यावर त्याचे चुंबकत्व जाताना असा एकाएकी होणारा पालट आपण शिकवतो. इथे तो भिंतीवर टांगलेल्या दोन रोलांत सापडतो. क्नूथ यांनी तो जनक फलने वापरून काढला आहे. ते गणित महाविद्यालयाच्या पातळीचे आहे, पण निष्कर्ष वर्गात चिंचोके आणि एक नाणे घेऊन पाहता येतो. दहा-दहा चिंचोक्यांच्या दोन वाट्या घ्यायच्या. छापा पडला तर जास्त असलेल्या वाटीतून एक काढायचा, काटा पडला तर कमी असलेल्या वाटीतून. एक वाटी रिकामी झाली की दुसरीतले मोजायचे. पुरेसे डाव खेळले तर सरासरी साडेतीनच्या आसपास येते.

आता तक्रारीकडे वळतो. क्नूथ यांच्यासाठी ही शिल्लक म्हणजे एक सुंदर संख्या आहे. होल्डर बनवणाऱ्याला तिचा अर्थ काय, हे ते विचारत नाहीत. होल्डरवर दोन रोल बसवायचे ते कशासाठी? एक संपला तरी पुढच्या माणसाची अडचण होऊ नये आणि साफसफाई करणाऱ्याला नवा रोल आणायला सवड मिळावी, म्हणून. म्हणजे शिल्लक ही सवड आहे. ती शंभर असेल तर होल्डर आपले काम करतो; तीन असेल तर दोन रोल बसवून काही साधले नाही. माणसाची पंचाईत दोन्ही रोल संपल्यावर होते आणि क्नूथ यांचा हिशोब पहिला रोल संपताच थांबतो. हे निबंधाच्या सुरुवातीलाच दोन ओळींत सांगितले असते, तर पुढच्या साऱ्या सूत्रांना जमिनीचा आधार मिळाला असता.

रचनाशास्त्रावर लिहिणारे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी मात्र हाच विषय नेमका त्या बाजूने घेतला. घरी दोन रोलांचा होल्डर बसवला तरी दोन्ही रोल बरोबरच संपतात, असे त्यांच्या लक्षात आले. फार विचार न करता हात घातला की तो मोठ्या रोलकडे जातो, असा त्यांचा निष्कर्ष. मग लहान रोलमधून घ्यायची शिस्त लावून घ्यावी लागते. माणसाला शिस्त लावण्यापेक्षा होल्डरनेच ती लावलेली बरी. एका रोलवर सरकते झाकण ठेवायचे. पहिला संपेपर्यंत दुसऱ्याला हात लागतच नाही. क्नूथ यांच्या भाषेत, झाकणाने सगळ्या जगाला धाकटेपंथी करून टाकले. घरात झाकणाचीही गरज नाही. एक दांडा वापराचा आणि त्याच्या वर एक खुंटी राखीव रोलची, एवढे पुरते. सार्वजनिक ठिकाणी खुंटीवरचा सुटा रोल भिजतो किंवा पळवला जातो, म्हणून तिथे झाकण.

माझी दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, कारण ती प्रतिमानाच्या आतली आहे. थोरलेपंथी आणि धाकटेपंथी दोघेही रोल बघून ठरवतात. पण लहान-मोठे डोळ्याला दिसते कसे? डोळा रोलची जाडी पाहतो, तुकडे मोजत नाही. रोलमधल्या कागदाची लांबी ही बाहेरच्या आणि आतल्या त्रिज्येच्या वर्गांच्या वजाबाकीच्या प्रमाणात असते. बाहेरची त्रिज्या साडेपाच सेंटिमीटर आणि पुठ्ठ्याच्या नळीची दोन सेंटिमीटर असा रोल घेऊ. निम्मा कागद संपला तरी बाहेरची त्रिज्या ४.१ सेंटिमीटर असते. म्हणजे कागद निम्मा गेला, पण जाडी साठ टक्क्यांवर शिल्लक दिसते. भरलेल्या रोलमधून दहावा हिस्सा काढला तर त्रिज्या जेमतेम अडीच मिलिमीटरने कमी होते. तोच दहावा हिस्सा अखेरीस, वीस टक्के उरले असताना काढला, तर ती जवळजवळ पाच मिलिमीटरने घटते. रोल आधी हळूहळू आणि मग भराभर रोडावतो तो यामुळे. (नववी-दहावीच्या वर्गात हे चिकटपट्टीच्या रिळावर मोजून बघण्यासारखे आहे.)

याचा परिणाम असा की सुरुवातीचा बराच काळ दोन रोलांतला फरक दिसतच नाही. त्या काळात थोरलेपंथी कोण आणि धाकटेपंथी कोण, हे ठरायलाच जागा नाही. जो जवळ आहे त्यातून सगळे घेतात. पुढेही कितीतरी माणसे बघत नाहीत. क्नूथ यांनी हे 'जवळचा घेणे' फक्त बरोबरीच्या प्रसंगापुरते ठेवले आहे. मला वाटते, तो एक स्वतंत्र पंथच आहे आणि बहुधा सगळ्यात मोठा. त्याला बेफिकीर म्हणू.

हा तिसरा पंथ आत घेतला की काय होते? जवळचा रोल सगळ्यांसाठी एकच आहे असे धरा. बरोबरी झाली की प्रत्येक जण जवळच्यातूनच घेतो, त्यामुळे जवळचा रोल दूरच्यापेक्षा कधीच मोठा होत नाही. म्हणजे जवळचा तोच धाकटा! बेफिकीर माणूस नेहमी जवळच्यातून घेतो, म्हणून तो नकळत धाकटेपंथीच ठरतो. आता निम्मे बेफिकीर आणि उरलेल्यांत थोरले-धाकटे समसमान, असे प्रमाण घ्या. क्नूथ यांच्याच सूत्रात थोरलेपंथी २५ टक्के घालायचे. शंभर तुकड्यांच्या रोलला शिल्लक येते ६७. बेफिकीर नसताना, थोरले-धाकटे निम्मे निम्मे धरून, ती ११ होती. ज्यांना कसलीच फिकीर नाही, त्यांनी पुढच्याची सोय सहा पटींनी वाढवली! अर्थात, उरलेले निम्मे सगळेच थोरलेपंथी निघाले, तर पुन्हा ११ वर यावे लागते. काट्याची रेषा काही हलत नाही.

यासाठी क्नूथ यांना नवे सूत्र काढावे लागले नसते. एक परिच्छेद पुरला असता. पण त्या परिच्छेदात होल्डरची सगळी रचना आली असती. दोन रोल तंतोतंत सारख्या अंतरावर, सारख्या उंचीवर मांडले की बेफिकीर माणसे दोन्हींकडे विभागली जातात आणि त्यांचा उपयोग संपतो. एक रोल हाताशी आणि दुसरा वीतभर पुढे, असा होल्डर भिंतीवर लावला की झाकण, स्प्रिंग, सूचना यांतले काहीही न लावता बराच कार्यभाग साधतो. अट एकच. नवा रोल घालताना शिल्लक रोल जवळच्या दांड्यावर आणायचा आणि नवा दूरच्या दांड्यावर बसवायचा. दुकानदार जुना माल पुढे मांडतो, त्यातलेच हे. ते न करता नवा रोल रिकाम्या जागी, म्हणजे जवळच बसवला, तर काही काळ जवळचा रोल थोरला राहतो आणि हिशोब बिघडतो.

वीतभर पुढे किती, यालाही मर्यादा आहे. अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी १९९० साली कायदा झाला. त्याखालच्या २०१० च्या मानकांनुसार होल्डरची मध्यरेषा शौचपात्राच्या पुढे १८० ते २३० मिलिमीटर हवी आणि कागद बाहेर येण्याची जागा जमिनीपासून ३८० ते १२२० मिलिमीटर उंचीवर. शिवाय कागद मोजून देणारी किंवा सलग येऊ न देणारी यंत्रणा तिथे चालत नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याने थरथरणारा किंवा अशक्त हात डोळ्यांसमोर ठेवला असणार. क्नूथ यांच्या निबंधात रोल आहेत, माणसांचे पंथ आहेत, पण हात नाही. कागद ओढायला किती जोर लागतो हे त्यात येत नाही. प्रत्यक्षात जड, भरलेल्या रोलला झटका दिला तर जडत्वामुळे कागद लगेच तुटतो आणि संपत आलेला हलका रोल त्याच झटक्याने भराभर फिरून कागद ओघळत राहतो. मग 'प्रत्येक जण सारखाच तुकडा घेतो' हे गृहीतक लहान रोलच्या बाबतीत कोसळते. यावर मला कुठले सूत्र सुचलेले नाही.

जाता जाता एक. कागदाचे मोकळे टोक वरून पुढे यावे की भिंतीच्या बाजूने, यावर अमेरिकेत हिरिरीने वाद होतात. आल्बनीच्या सेथ व्हीलर यांना १८९१ साली अशा रोलचे पेटंट मिळाले. त्याच्या चित्रात टोक वरून पुढे आलेले आहे. ओली भिंत टाळायला तेच सोयीचे.

चिंचोक्यांच्या खेळात तिसरा पंथ आणायचा असेल, तर दोन्ही वाट्या शेजारी ठेवू नका. एक मुलाच्या पुढ्यात, दुसरी हातभर लांब ठेवा. नाणे उडवून छापा आला तर पुढ्यातल्या वाटीतून काढायचा. काटा आला तर पुन्हा उडवायचे. आता छापा म्हणजे जास्तवाली वाटी, काटा म्हणजे कमीवाली. बरोबरी असेल तेव्हा न उडवता पुढ्यातलीतून. दहा-दहा चिंचोक्यांचे असे भरपूर डाव झाले की लांबच्या वाटीतली सरासरी शिल्लक सातच्या आसपास येईल. आधी ती साडेतीन होती, हे फळ्यावर शेजारी लिहून ठेवा आणि वाट्यांच्या जागा बदलल्याने चिंचोके कसे वाढले, ते मुलांनाच विचारा.